बांगडेदादा, तुमचं वय काय?

बालमित्रांनो, झाडाचं वय खोडातली वलयं मोजून सांगतात. बैलाचं वय दात पाहून सांगतात. पण माशाचं? त्याच्याकडे ना शाळेचा दाखला, ना जन्माची नोंद! तरीही शास्त्रज्ञ ते शोधून काढतातच. आणि त्यासाठी ते बहुतेक वेळा जातात कुठे, ठाऊक आहे? किनाऱ्यावर, मच्छीमारांच्या जाळ्यापाशी!

चला, आपणही जाऊ या. सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावर रापण ओढतात. होडीतून लांबलचक जाळं अर्धगोलात सोडत नेतात आणि त्याची दोन्ही टोकं धरून माणसं किनाऱ्याकडे खेचतात. जाळं वाळूवर आलं की पाहत राहावं! बांगडे, तारल्या, मुडदुशा, लेपे, वाकट्या, माकुल, कुर्ल्या, सगळ्यांची एकच जत्रा.

पालघर-मुंबईकडे डोल असते. समुद्रात रोवलेल्या खुंटांना बांधलेली ही भली मोठी पिशवी. भरती-ओहोटीच्या वाहत्या पाण्याबरोबर बोंबील, मांदेली, करंदी, जवळा आत शिरतात आणि पिशवीच्या निमुळत्या शेपटाकडे साठतात. तिसरं जाळं पाण्यात पडद्यासारखं उभं राहतं. जाळ्याच्या भोकाला ‘आस’ म्हणतात. मासा आसात डोकं घालतो आणि कल्ल्यांपाशी अडकतो. फार लहान मासा पलीकडे निसटतो, फार मोठ्याचं डोकंच आत जात नाही. म्हणजे हे जाळं ठरावीक मापाचेच मासे निवडतं. डोलीला आणि रापणीला मात्र अशी निवड फारशी जमत नाही. त्यांच्या शेवटच्या भागाचे आस बारीक असतात. म्हणून कोणत्या जाळ्यात कोणते मासे आले, किती आले, केवढे आले, हे सगळं लिहून ठेवावं लागतं.

आता वयाची युक्ती. समजा, पहिली ते सातवीची सगळी मुलं प्रार्थनेला एकत्र उभी आहेत आणि आपण प्रत्येकाची उंची मोजली. सारख्या उंचीच्या मुलांचे गट केले, तर पहिलीच्या मुलांचा ढीग एका मापाभोवती जमेल, सातवीच्यांचा दुसऱ्या. माशांचंही तसंच! एकाच हंगामात जन्मलेली पिल्लं साधारण एकाच मापाची असतात. डेन्मार्कच्या पीटरसन या शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही युक्ती वापरली. समजा, ऑक्टोबरात बांगड्यांचा एक ढीग 12 सेंटीमीटरला दिसला आणि डिसेंबरात तोच 15 ला सरकला, तर दोन महिन्यांतली वाढ झाली 3 सेंटीमीटर. कळलं ना? आपल्याकडे 1947 साली स्थापन झालेल्या केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेची माणसं बंदराबंदरांवर जाऊन अशीच मोजमापं घेतात.

दुसरी युक्ती डोक्यात असते, म्हणजे माशाच्या डोक्यात! ढोमा खाताना तुमच्या दाताखाली कधी पांढरा खडा आला असेल. तो माशाच्या कानातला खडा. पिल्लू वाढत असताना त्यावर रोज एक बारीक वलय चढतं. सूक्ष्मदर्शकाखाली ती वलयं मोजली की पिल्लू किती दिवसांचं ते समजतं.

पण एवढा खटाटोप कशासाठी? तर मासा अंडी घालण्याआधीच पकडला जातो की नंतर, हे कळण्यासाठी. बांगडा पहिल्या वर्षातच जवळजवळ वीतभर होतो आणि त्याच सुमारास अंडी घालण्याजोगाही होतो. सुरमईला मात्र त्यासाठी हातापेक्षाही जास्त लांबी गाठावी लागते. हातभर सुरमई आपल्याला मोठी वाटते, पण ती अजून लेकरूच! उलट जवळा बोटाच्या पेरांएवढाच, तरी तो पूर्ण वाढलेला असू शकतो. म्हणजे लहान दिसलं की पिल्लूच, असं नाही हं!

आता एक हिशेब. माशाची लांबी दुप्पट झाली की वजन दुप्पट नव्हे, सुमारे आठपट होतं. कारण तो लांबीबरोबर रुंदीला आणि जाडीलाही वाढतो. म्हणजे 25 ग्रॅमचं पिल्लू दुप्पट लांब झालं की साधारण 200 ग्रॅमचं होणार! ते आधीच पकडलं, तर मच्छीमाराचं वजनात नुकसान आणि पुढच्या अंड्यांचंही.

पापलेटचं असंच झालं आहे. सातपाटीचं पापलेट प्रसिद्ध. पण पिल्लंच पकडली गेली तर मोठं पापलेट येणार कुठून? 2023 साली महाराष्ट्र सरकारने चंदेरी पापलेटला राज्यमासा म्हणून जाहीर केलं. त्याच वर्षी 54 प्रकारच्या माशांची कमीत कमी मापं ठरवली. पापलेटचं माप आहे 135 मिलिमीटर. पावसाळ्यात, 1 जून ते 31 जुलै, यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते, तीही माशांना वाढायला आणि अंडी घालायला सवड मिळावी म्हणून.

पण नुसत्या कायद्याने भागेल का? डोलीत पिल्लू आपसूक शिरतं, आणि जाळं ओढणाऱ्याला त्या दिवशीची चूल पेटवायची असते. बाजारात पिल्लांना गिऱ्हाईक असेल, तर ती विकली जाणारच. म्हणजे थोडी जबाबदारी आपल्या पिशवीचीही आहे, नाही का?

करून पाहा : आई-बाबांनी मासे आणले की तुमच्या कंपासपेटीतली 15 सेंटीमीटरची पट्टी घ्या. तोंडाच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंत प्रत्येक मासा मोजा. वहीत तारीख, नाव आणि लांबी लिहा. पापलेट साडेतेराच्या रेघेपर्यंत पोचत नसेल, तर आई-बाबांना दाखवा. पुढच्या वेळी मोठं पापलेट मागायचं की दुसरा मासा घ्यायचा, ते सगळ्यांनी मिळून ठरवा. आणि हो, मोजून झाल्यावर पट्टी साबणाने धुवायला विसरू नका. नाहीतर उद्या वर्गात सगळे तुमच्यापासून दोन बाक लांब बसतील!