मोटारींचे आकारानुसार वर्गीकरण आणि चार मीटरची रेषा

एखादी मोटार लहान, मध्यम की मोठी, हे आपण सहसा नजरेने ठरवतो. खरेदीच्या वेळी मात्र या एका शब्दावर लाख-दीड लाखाचा फरक पडू शकतो. तिथे नजरेचा अंदाज चालत नाही, ठरलेले माप लागते. मग नेमके काय मोजायचे? वेगवेगळ्या देशांनी या प्रश्नाची वेगवेगळी उत्तरे दिली आहेत. या पाठात आपण ती थोडक्यात पाहू आणि भारतातील नियम सविस्तर समजून घेऊ.

मोजण्याच्या पद्धती

अमेरिकेत पर्यावरण संरक्षण संस्था मोटारीच्या आतली जागा मोजते. प्रवाशांची आणि सामानाची जागा मिळून ८५ घनफुटांपेक्षा कमी असेल तर मोटार ‘मिनीकॉम्पॅक्ट’ ठरते. ८५ ते १०० घनफूट म्हणजे ‘सबकॉम्पॅक्ट’, १०० ते ११० म्हणजे ‘कॉम्पॅक्ट’, ११० ते १२० म्हणजे मध्यम आणि १२० किंवा त्याहून जास्त म्हणजे मोठी. त्यामुळे बाहेरून लांबलचक दिसणारी मोटार आतून अरुंद असेल, तर ती खालच्या वर्गात जाते.

जपानमध्ये ‘केई’ नावाचा लहान मोटारींचा वर्ग आहे. त्यासाठी लांबी ३.४ मीटर, रुंदी १.४८ मीटर, उंची २ मीटर आणि इंजिन ६६० सीसी अशा मर्यादा आहेत. यांपैकी एक जरी ओलांडली, तरी मोटार त्या वर्गातून बाहेर पडते.

युरोपात ‘ए’पासून ‘एफ’पर्यंत अक्षरे वापरतात. या वर्गांना मिलिमीटरमध्ये आखलेल्या पक्क्या सीमा नाहीत. बाजारात एखादी मोटार कोणाशी स्पर्धा करते, यावरून तिचा वर्ग ओळखतात.

भारतातील नियम

आपल्याकडे करासाठी दोन गोष्टी पाहतात : लांबी आणि इंजिनाची क्षमता. २००६च्या केंद्रीय अर्थसंकल्पात लहान मोटारींवरील उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणले गेले. लहान मोटार कोणती, हेही त्याच वेळी ठरले. लांबी ४००० मिलिमीटरपेक्षा जास्त नको. पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत किंवा डिझेल इंजिन १५०० सीसीपर्यंत हवे. २०१७मध्ये वस्तू व सेवा कर आला, तरी ही रेषा टिकली. २२ सप्टेंबर २०२५पासून या व्याख्येत बसणाऱ्या मोटारींवर १८ टक्के आणि त्याबाहेरच्या पेट्रोल-डिझेल मोटारींवर ४० टक्के कर आहे. विजेवर चालणाऱ्या मोटारींना ही विभागणी लागू नाही. त्यांच्यावर सरसकट ५ टक्के कर आहे.

लक्षात ठेवा : लांबी आणि इंजिन, दोन्ही अटी एकाच वेळी पूर्ण व्हाव्या लागतात. २०२२मध्ये आलेल्या मारुती ब्रेझाची लांबी ३९९५ मिलिमीटर आहे, म्हणजे पहिली अट पूर्ण होते. पण तिचे पेट्रोल इंजिन १४६२ सीसीचे आहे. त्यामुळे लांबीने लहान असूनही कराच्या हिशेबात ती लहान नाही.

एक उदाहरण सोडवू

दोन पेट्रोल मोटारींची कराआधीची किंमत प्रत्येकी ६,००,००० रुपये आहे असे समजू. दोन्हींची इंजिने ११९७ सीसीची आहेत. पहिलीची लांबी ३९९० मिलिमीटर, तर दुसरीची ४०१० मिलिमीटर.

पहिली : कर १,०८,००० रुपये, एकूण ७,०८,००० रुपये.
दुसरी : कर २,४०,००० रुपये, एकूण ८,४०,००० रुपये.

लांबीतला फरक २० मिलिमीटर, म्हणजे साधारण बोटाच्या जाडीएवढा. किमतीतला फरक १,३२,००० रुपये. राज्याचा रस्ता कर आणि विमा त्यावर वेगळा.

नियमामुळे मोटार कशी बदलली?

एवढा फरक पडत असेल, तर कंपन्या रेषेच्या आत राहण्यासाठीच मोटार आखणार. टाटांनी २००८मध्ये इंडिगो सीएस ही चार मीटरच्या आतली सेडान आणली. मारुतीची स्विफ्ट डिझायर २००८मध्ये आली तेव्हा ४१६० मिलिमीटर लांब होती. २०१२मध्ये ती ३९९५ मिलिमीटरची झाली. कात्री लागली ती मुख्यतः डिकीला. सामानाची जागा ४४० लिटरवरून ३१६ लिटरवर आली. पुढे चार मीटरच्या आतल्या एसयूव्ही आल्या. रुंदी आणि उंची यांना नियमात मर्यादा नाही, म्हणून या मोटारी लांबीने आखूड पण उंच आणि रुंद दिसतात.

यातून महत्त्वाची गोष्ट कळते. वर्गीकरण आधीपासून असलेल्या वस्तूंना नुसती नावे देत नाही. त्याला पैसा जोडला की वस्तूच त्या रेषेप्रमाणे घडू लागते.

वर्गावरून काय कळत नाही?

‘लहान’ हा शिक्का सुरक्षिततेबद्दल काहीच सांगत नाही. त्यासाठी ऑक्टोबर २०२३पासून सुरू झालेल्या ‘भारत एनकॅप’ चाचणीचे तारे पाहावे लागतात. मागच्या आसनावर तिघे नीट बसतील का, हेही लांबीवरून कळत नाही. ते रुंदीवर अवलंबून असते. म्हणून मोटार निवडताना वर्गावरून कर ओळखा. जागा आणि सुरक्षितता मात्र स्वतंत्रपणे तपासा.

स्वाध्याय

१. तुमच्या परिसरातील कोणत्याही तीन मोटारींची लांबी आणि इंजिनाची क्षमता त्यांच्या माहितीपत्रकात शोधा. प्रत्येकीवर १८ टक्के कर लागेल की ४० टक्के, ते कारणासह लिहा.
२. भारतात लांबीऐवजी अमेरिकेप्रमाणे आतली जागा मोजली असती, तर कंपन्यांनी डिझायरची डिकी कापली असती का? चर्चा करा.