घराची दुरुस्ती आणि छताचे दिवे

घराची दुरुस्ती काढली की फरशी, रंग आणि ओटा यांवर घरात आठवडेच्या आठवडे चर्चा चालते. दिव्यांचा विचार मात्र शेवटी, दुकानात उभ्याउभ्या होतो. दुरुस्ती-कर्जासाठी येणारी अंदाजपत्रके आम्ही बँकेत नेहमी पाहतो. त्यांत दिव्यांसाठी बहुधा एकच ओळ असते : 'लाइट फिटिंग'. वास्तविक भिंतीत पाइप टाकून प्लास्टर झाले की दिव्याची जागा कायमची ठरून जाते. म्हणून कोणत्या खोलीत कोण, केव्हा आणि काय काम करते, हे आधी कागदावर मांडावे, असे आम्हास वाटते.

प्रथम मोजमाप पाहू. वॅट म्हणजे विजेचा खर्च. प्रकाश मोजतात तो ल्युमेनमध्ये. 60 वॅटचा जुना बल्ब सुमारे 700 ल्युमेन प्रकाश देई. 9 वॅटचा एलईडी 800 ते 900 देतो. प्रकाशाची छटा केल्विनमध्ये सांगतात : 3000 म्हणजे पिवळसर, 4000 मधली, 6500 पांढरीशुभ्र. हे आकडे खोक्यावर छापलेले असतात. विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे की निळ्या एलईडीमुळेच हे पांढरे दिवे शक्य झाले आणि त्या शोधाला 2014 चे पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले.

आता खोल्यांकडे वळू. दहा बाय बाराच्या बैठकीच्या खोलीला 20 वॅटची, सुमारे 2000 ल्युमेनची एलईडी पट्टी सर्वसाधारण वावरास पुरते. परंतु आपल्यापैकी अनेकांच्या घरी हीच खोली अभ्यासाचीही असते. मुलगी भिंतीकडे तोंड करून बसते, दिवा तिच्या पाठीमागे राहतो आणि डोक्याची सावली वहीवर पडते. अभ्यासाच्या जागेवर, उजव्या हाताने लिहिणाऱ्याच्या डावीकडे, समोरच्या बाजूस वेगळा पॉइंट घ्यावा. 9 वॅटचा दिवा रोज चार तास जळला तरी महिन्याला जेमतेम एक युनिट होते.

स्वयंपाकघरातही तेच घडते. मध्यभागी दिवा असला की ओट्याशी उभ्या असलेल्या गृहिणीची सावली विळीवर, सुरीवर पडते. तेथे पट्टी ओट्याच्या वरच हवी.

झोपण्याच्या खोलीत 3000 केल्विनचा दिवा घ्यावा, पण तो उशीच्या बरोबर वर नको. न्हाणीघरात वाफ असते. तेथे बंद, ओल न शिरणारे फिटिंगच लावावे. पॅसेजमध्ये दोन्ही टोकांना बटण ठेवावे. पंख्याच्या पात्यांच्या वर दिवा आला तर सावल्या सतत फिरत राहतात. तो पात्यांपासून दूर असावा.

पीओपीचे खोटे छत सुंदर दिसते खरे, परंतु ते चार-सहा इंच उंची खाते. बसक्या खोलीत साधे पांढरे छतच बरे. ते प्रकाश खाली परत पाठवते.

गवंडी येण्यापूर्वी खडूने खुणा कराव्यात. पहिली खूण अभ्यासाच्या जागेची, दुसरी ओट्याची. शोभेचे दिवे त्यानंतर, खिशाला परवडतील तसे घ्यावेत.