विजेच्या प्रत्येक युनिटात पाणी आहे

12 एप्रिल 2016 रोजी मिरजेहून निघालेली पाण्याची रेल्वे लातुरात पोहोचली. दहा वाघिणींतून आलेले ते पाच लाख लिटर पाणी लातूरकर कधीच विसरणार नाहीत. त्याच दुष्काळाची दुसरी बाजू मात्र फारशी स्मरणात राहिलेली नाही. शेजारच्या परळीचे औष्णिक विद्युत केंद्र 2013 साली आणि पुन्हा 2015 मध्ये बंद ठेवावे लागले. कारण कोळशाचे नव्हते. खडका बंधाऱ्यात पाणीच उरले नव्हते.

कोळशाच्या केंद्रात वाफ तयार करण्यास व ती थंड करण्यास पाणी लागते. डिसेंबर 2015 मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने जुन्या केंद्रांसाठी ठरविलेली कमाल मर्यादा एका युनिटमागे साडेतीन लिटर आहे. साठ वॅटचा बल्ब काढून नऊ वॅटचा एलईडी दिवा लावला आणि तो रोज पाच तास जळला, तर महिन्याला सुमारे साडेसात युनिटांची बचत होते. त्या मर्यादेच्या हिशेबाने हे सव्वीस लिटर पाणी झाले.

तथापि, किती वीज वापरली याइतकेच ती केव्हा वापरली, हेही महत्त्वाचे आहे. बँकेतील ठेवीप्रमाणे वीज सहजी साठवून ठेवता येत नाही. मागणी आणि पुरवठा यांचा मेळ क्षणोक्षणी घालावा लागतो. दिवसा सौरऊर्जा मुबलक असते. शेतीपंपांना दिवसा वीज देण्यासाठी राज्यात मुख्यमंत्री सौर कृषिवाहिनी योजना राबविली जात आहे, ती यासाठीच. सूर्यास्तानंतर सौरऊर्जा थांबते, त्याच वेळी घरोघरी दिवे, पंखे, दूरदर्शन संच सुरू होतात आणि बराचसा भार पुन्हा कोळशावर येतो.

येथे आपली परंपरा सहज उपयोगी पडते. चौविहार पाळणाऱ्या घरातील स्वयंपाक सूर्यास्तापूर्वीच आटोपतो. मिक्सर, विजेची शेगडी, पाण्याची मोटर यांचा वापर आपोआप दिवसाकडे वळतो. धुलाई यंत्र आणि इस्त्री यांनाही हीच वेळ लावावी. स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना जुलै 2025 पासून सकाळी 9 ते सायंकाळी 5 या वेळेतील वापरावर वीजदरात सवलतही मिळते.

श्रावकाच्या बारा व्रतांत भोगोपभोग परिमाण आहे, अनर्थदंडविरमणही आहे. रिकाम्या खोलीत फिरणारा पंखा हा निष्प्रयोजन हिंसेचाच प्रकार होय, कारण त्यामागे अग्निकाय आणि अप्काय जीवांची विराधना आहे. येत्या चातुर्मासात नांदेड-लातूरच्या प्रत्येक परिवाराने विजेच्या युनिटांचेही परिमाण ठरवावे आणि दरमहा देयकाशी ते ताडून पाहावे. पाण्याची रेल्वे पाहिलेल्या प्रदेशाला हे व्रत जड जाऊ नये.