हुद्दा तोच, नाव मात्र वेगळं!

मैत्रिणींनो, कॅप्टन, मेजर, कर्नल ही सैन्यातली नावं आपल्या चांगल्या परिचयाची. पण 'चीफ कंट्रोलर' हा लष्करी हुद्दा कधी ऐकलाय? कंट्रोलर म्हटलं की आपल्याला एस.टी. स्टँडवरचे कंट्रोलरच आठवायचे! दुसऱ्या महायुद्धात मात्र इंग्लंडमध्ये हा हुद्दा थेट मेजर जनरलच्या बरोबरीचा होता. फरक एवढाच, की तो बायकांसाठी होता.

१९३८ साली ब्रिटिश सैन्याच्या मदतीला 'ऑक्झिलरी टेरिटोरियल सर्व्हिस' हे महिलांचं दल निघालं. त्याच्या पहिल्या प्रमुख डेम हेलन ग्विन-व्हॉन या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापक. सुरुवातीला स्वयंपाक, कारकुनी, टेलिफोन अशी कामं. पुढे बायका लष्करी मोटारी चालवू लागल्या, दुरुस्तही करू लागल्या. १९४१ मध्ये दलाला लष्करी दर्जा मिळाला. तरी हुद्द्यांची नावं निराळीच राहिली! कॅप्टनऐवजी ज्युनियर कमांडर, मेजरऐवजी सीनियर कमांडर, लेफ्टनंट कर्नलऐवजी चीफ कमांडर, कर्नलऐवजी कंट्रोलर आणि ब्रिगेडियरऐवजी सीनियर कंट्रोलर.

नुसत्या नावाचं काय घेऊन बसलात, असं कुणी म्हणेल. पण नावापाठोपाठ पगारही वेगळा होता. त्याच हुद्द्याच्या पुरुषाला तीन रुपये, तर बाईला दोन, असा हिशेब! विमानविरोधी तोफांवरही तेच. शत्रूचं विमान हेरायचं, त्याची उंची मोजायची, नेमाचं गणित करून द्यायचं, हे सगळं बायकांनी. तोफ डागायची मात्र पुरुषांनी. गणपतीची सगळी तयारी आपण करायची आणि सोवळं नेसून पूजेला बसायचं 'ह्यांनी', त्यातलाच प्रकार नाही का?

१९४९ मध्ये या दलाची जागा 'विमेन्स रॉयल आर्मी कोअर'ने घेतली आणि १९५० मध्ये तिथल्या बायका रीतसर कॅप्टन, मेजर, कर्नल झाल्या. म्हणजे युद्ध संपल्यावर पाच वर्षांनी!

आपल्याकडचं एक उदाहरण मुलींना जरूर सांगा. पुण्याच्या ए.एफ.एम.सी.त शिकलेल्या डॉ. माधुरी कानिटकर २०२० मध्ये लेफ्टनंट जनरल झाल्या. त्यांचे पती राजीव कानिटकर हेही लेफ्टनंट जनरल होते. नवराबायको दोघांचा हुद्दा एक आणि त्याचं नावही एकच!

तेव्हा मुलगी नोकरीला लागली, की तिच्या हुद्द्याचं नाव कौतुकानं विचाराच. पण त्याच कामाला शेजारच्या टेबलावरच्या पुरुषाला काय म्हणतात आणि पगार किती देतात, तेही विचारायला विसरू नका.