रेड शाबूत, पण डेटा?

हॉस्टेलच्या कॉमन कॉम्प्युटरवर सीनियर्सचे प्रोजेक्ट रिपोर्ट आहेत, गॅदरिंगचे फोटो आहेत आणि बऱ्याच जणांच्या सबमिशनची एकमेव कॉपी आहे. त्यावर डेबियन 10 चालते. तिचा एलटीएस सपोर्ट 30 जून 2024 लाच संपला, म्हणजे डेबियन 12 टाकणे भाग आहे. "अरे, रेड आहे ना, काही होत नाही!" असे सगळेच म्हणतात. मी म्हटलं, आधी खोट्या मशीनवर करून बघू.

सॉफ्टवेअर रेडमध्ये वेगळे कार्ड नसते. रेड 1 मध्ये लिनक्सच प्रत्येक गोष्ट दोन्ही डिस्कवर लिहिते. ही जोडी कुणाची, हे सुपरब्लॉकमध्ये असते (याला मराठी शब्द मला सुचला नाही, कॉन्व्हेंटची कृपा!) आणि तो त्या डिस्कवरच असतो, 1.2 फॉरमॅटमध्ये सुरुवातीपासून 4 केबीवर. त्यामुळे सिस्टिमची डिस्क वेगळी असेल, तर जुनी सिस्टिम गेली तरी नवी ही जोडी ओळखू शकते.

व्हर्च्युअलबॉक्समध्ये सिस्टिमसाठी 20 जीबीची एक आणि रेडसाठी 2 जीबीच्या दोन डिस्क बनवल्या. रेडवर फाईल्स टाकल्या, प्रत्येकीचा शा-256 चेकसम काढला आणि ती यादी मशीनबाहेर ठेवली. फोल्डर दिसला म्हणजे फाईल्स नीट आहेत असे नाही, म्हणून हा खटाटोप. मग स्नॅपशॉट घेतला.

पहिल्या वेळी पार्टिशनिंग मॅन्युअल ठेवले, फक्त सिस्टिमची डिस्क फॉरमॅट केली आणि रेडला 'आहे तो डेटा ठेवा' सांगितले. नव्या सिस्टिममध्ये रेडचे नाव एमडी0 ऐवजी एमडी127 झाले. घाबरू नका, एमडीएडीएमच्या कॉन्फिग फाईलमध्ये नोंद करून इनिट-रॅम-एफएस अपडेट केले की नाव परत येते. चेकसम सगळे जुळले.

दुसऱ्या वेळी स्नॅपशॉटवर परत जाऊन मुद्दाम रेडसमोर 'फॉरमॅट करा' निवडले. खरी गंमत इथेच आहे. एमडीस्टॅटमध्ये दोन यू झळकत होते, म्हणजे दोन्ही डिस्क ठणठणीत, रेड एकदम फिट! आत मात्र एकही फाईल नाही. आरशासमोर रिकामी थाळी धरली तर आरशातही रिकामीच दिसणार. रेड डिस्क बिघडण्यापासून वाचवते, तुम्ही दाबलेल्या बटणापासून नाही. त्यामुळे नुसते दोन यू बघून निश्चिंत होणाऱ्यांवर माझा तरी भरवसा नाही.

खऱ्या मशीनवर मी आधी सगळे बाहेरच्या हार्डडिस्कवर कॉपी करणार, तिथेही चेकसम तपासणार आणि इन्स्टॉलेशन होईपर्यंत रेडच्या दोन्ही डिस्कच्या केबल काढून ठेवणार. जी डिस्क इन्स्टॉलरला दिसतच नाही, ती तो पुसणार कशी? कॅबिनेट उघडायच्या परवानगीसाठी रेक्टर सरांकडे अर्ज दिलाय. तोपर्यंत कृपया कुणीही उत्साहाने पेन ड्राईव्ह लावून 'नेक्स्ट, नेक्स्ट' करू नये.