पंचवीस वर्षांनी फिरलेला निकाल



नव्या सुनेच्या पहिल्या स्वयंपाकाला नावे ठेवणारी माणसे प्रत्येक गावात असतात. आमटी पातळ झाली, भाकरी जाड झाली, एक ना दोन! आणि दहा-वीस वर्षांनी तीच माणसे तिच्या हातच्या पुरणपोळीसाठी सणाची वाट बघत बसतात. आता सुगरण झाली ती सून, की शहाणी झाली ती माणसे? थोडे दोन्हीही असेल. कलाकृतींच्या वाट्यालाही असेच येते. आज मी तुम्हांला अमेरिकेतल्या एका चित्रपटाची हकिगत सांगणार आहे. चित्रपट तुम्ही पाहिलेला नसला तरी अडणार नाही. हकिगत चित्रपटाची कमी आणि आपण निकाल कसा देतो याची अधिक आहे.

२५ मे १९७७ रोजी अमेरिकेत ‘स्टार वॉर्स’ नावाचा चित्रपट लागला. तो जॉर्ज लुकास यांनी लिहिला आणि दिग्दर्शित केला. कथा विज्ञानाच्या पोशाखातली, पण गाभा आपल्या आजीच्या गोष्टीतलाच. दूरच्या तारकामंडलात एक जुलमी साम्राज्य आहे, त्याचा काळा मुखवटा घातलेला सेनापती डार्थ व्हेडर आहे, आणि त्याच्याशी झुंजणारा एक शेतावरचा पोरगा आहे. लोकांनी तो डोक्यावर घेतला. १९८० आणि १९८३ साली पुढचे दोन भाग आले. गंमत अशी, की यांतला १९८० चा भाग आज पुष्कळ रसिक सर्वांत सरस मानतात. पण तो आला तेव्हा ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे समीक्षक व्हिन्सेंट कॅन्बी यांनी त्याचे थंडेच स्वागत केले होते, आणि गोष्ट अर्ध्यावर सोडली म्हणून काही प्रेक्षकही कुरकुरले होते. म्हणजे निकाल फिरण्याची या घराण्याला सवय होतीच म्हणा ना!

त्यानंतर सोळा वर्षे गेली. १९७७ साली आठ-दहा वर्षांची असलेली मुले आता तिशीला आली होती. बालपणीचा ठेवा त्यांनी मनात जपला होता आणि जपता जपता तो वाढवलाही होता. अशा वेळी लुकास यांनी पूर्वकथा सांगायचे ठरवले. तो क्रूर डार्थ व्हेडर मुळात कोण होता? तर ॲनाकिन नावाचा एक गोड, गुलाम मुलगा! १९९८ च्या नोव्हेंबरात या नव्या चित्रपटाची दोन मिनिटांची झलक दाखवली गेली, तेव्हा लोक भलत्याच चित्रपटाचे तिकीट काढून आत जात, झलक पाहत आणि उठून चालू लागत. चित्रपटगृहांबाहेर कित्येक दिवस आधी रांगा लागल्या. १९ मे १९९९ रोजी ‘द फॅन्टम मेनेस’ प्रदर्शित झाला.

आणि पुष्कळांचा हिरमोड झाला. पैसा मिळाला, अगदी रग्गड मिळाला. पहिल्याच फेरीत जगभरातून नव्वद कोटी डॉलरांच्या वर. पण जुने चाहते चिडले. संवाद लाकडी आहेत, सुरुवातच व्यापारी मार्गांवरच्या कराच्या भांडणाने काय होते, आणि तो लांब कानांचा, धडपडणारा, बोबडा बोलणारा जार जार बिंक्स कशाला घातला, असे आक्षेप निघाले. काही परग्रहवासी पात्रांचे उच्चार विशिष्ट समाजांची थट्टा केल्यासारखे वाटतात, हा आक्षेप तर गंभीर होता. यांतले बरेचसे आक्षेप आजही खरे आहेत, हे मी आधीच कबूल करतो.

पण राग चित्रपटावर थांबला नाही, तो माणसांवर गेला. जार जारचे रूप संगणकावर घडवलेले होते. हालचाली आणि आवाज मात्र अहमद बेस्ट या पंचविशीतल्या नटाचे. बादल्या, डबे, झाडू वाजवून ताल धरणाऱ्या ‘स्टॉम्प’ या रंगमंचीय प्रयोगातला हा गुणी कलावंत. पात्र लिहिले दुसऱ्याने, शिव्या खाल्ल्या याने. २०१८ साली त्याने जाहीरपणे सांगितले, की त्या दिवसांत आपण जीव द्यायच्या विचारापर्यंत पोचलो होतो. छोट्या ॲनाकिनची भूमिका करणारा जेक लॉइड तेव्हा दहा वर्षांचा होता. शाळेतली मुले आपल्याला चिडवीत असत, असे त्यानेही पुढे सांगितले. गुरुजनहो, हे वाक्य आपल्यासाठी आहे. वर्गात एखाद्या पोराला चिडवणे सुरू होते, तेव्हा त्याची ठिणगी कुठल्या मोठ्या माणसांच्या बोलण्यातून पडली हे आपण पाहतो का?

आता निकाल कसा फिरला ते पाहू. चित्रपट तर तोच राहिला. मग बदलले काय? मला तीन गोष्टी दिसतात.

पहिली, पाहणारे बदलले. १९९९ साली ज्यांनी हा चित्रपट आठव्या-नवव्या वर्षी पाहिला, त्यांच्या मनात तुलनेला जुना ठेवा नव्हताच. त्यांना जार जारचे हसू आले, वेगवान यानांच्या शर्यतीने ती खुर्चीच्या टोकाला आली. ती मुले मोठी झाली आणि आपले मत मांडू लागली.

दुसरी, गोष्ट पुरी झाली. २००२ आणि २००५ साली उरलेले भाग आले, आणि तो कंटाळवाणा करवाद काय होता हे उमगले. एक कावेबाज राजकारणी स्वतःच पडद्याआडून संकट उभे करतो, त्याच संकटाचा फायदा घेऊन लोकसत्ताकाचा प्रमुख होतो, पुढच्या भागात विशेष अधिकार मिळवतो आणि शेवटी टाळ्यांच्या कडकडाटात सम्राट होतो. लोकशाही बाहेरून मोडली जात नाही, आतूनच सोडून दिली जाते, हे त्या पहिल्या भागात पेरलेले होते. पेरणीच्या दिवशी पीक मागितले तर शेत ओसाडच दिसणार!

तिसरी, तुलना बदलली. २०१५ ते २०१९ या काळात नव्या धन्यांनी, म्हणजे डिस्ने कंपनीने, पुढचे तीन भाग काढले. त्यांवरही कडाक्याचे वाद झाले. तेव्हा पुष्कळांना वाटले, की लुकास चुकला असेल, पण त्याला स्वतःचे काहीतरी सांगायचे होते. जॉन विल्यम्स यांचे संगीत आणि अखेरचे तलवारयुद्ध यांची थोरवी तर निंदकांनीही आधीपासून मानली होती.

इथे सावध राहायला हवे, बरं का! बालपणी आवडलेले सारेच सुंदर असते असे नाही. आठवणीचा गूळ कडू औषधालाही गोड करतो. संवाद १९९९ साली लाकडी होते, ते आजही लाकडीच आहेत. फेरविचार म्हणजे निंदेच्या जागी स्तुती नव्हे. ‘मला जे हवे होते ते यात नाही’ आणि ‘यात जे आहे ते वाईट आहे’ ही दोन वेगळी वाक्ये आहेत. १९९९ साली पुष्कळांनी पहिले वाक्य मनात धरून दुसरे तोंडाने म्हटले. पुढच्या वर्षांनी एवढेच केले, की ही दोन वाक्ये सुटी केली.

२०१९ च्या एप्रिलमध्ये शिकागो येथे चाहत्यांचा मेळावा भरला होता. चित्रपटाच्या विसाव्या वर्षाच्या कार्यक्रमात अहमद बेस्ट आला, तेव्हा सारे सभागृह उभे राहून टाळ्या वाजवू लागले. २०२३ साली त्याच कथामालेतल्या ‘द मँडलोरियन’ या मालिकेत त्याला एका शूर योद्ध्याची भूमिका मिळाली. मे २०२४ मध्ये ‘द फॅन्टम मेनेस’ पुन्हा चित्रपटगृहांत लागला, आणि त्या आठवड्याअखेरीस अमेरिकेत गल्ल्यात दुसऱ्या क्रमांकावर राहिला. पंचवीस वर्षांचा जुना चित्रपट!

हे सारे चांगलेच झाले. पण त्या टाळ्या वीस वर्षे उशिरा आल्या, आणि मधली वर्षे त्या नटाला परत मिळायची नाहीत. चित्रपट वाट पाहू शकतो, माणूस नेहमीच पाहू शकतो असे नाही.

म्हणून शिक्षकमित्रांना एक सुचवावेसे वाटते. मुलांना एखादी कथा वाचून दाखवाल, तेव्हा ‘आवडली की नाही’ एवढेच विचारू नका. ‘तुम्हांला काय हवे होते?’ हे आधी विचारा, आणि ‘यात काय आहे?’ हे नंतर. दोन्ही उत्तरे वहीत वेगवेगळी लिहून घ्या. वर्षाअखेरीस तीच कथा पुन्हा वाचा आणि वही उघडा. काहींचे मत बदललेले असेल, काहींचे नसेल. दोघांनाही शाबासकी द्या. आढीतला आंबा पिकेपर्यंत आपण थांबतो. मताच्या बाबतीतही तेवढा धीर धरता आला, तर कुणा कलावंताला, कुणा सुनेला आणि आपल्याच वर्गातल्या एखाद्या पोराला टाळ्यांसाठी वीस वर्षे थांबावे लागणार नाही.