प्रतिज्ञापत्राचं वजन स्टॅम्पपेपरात नसतं

कोर्टात प्रतिज्ञापत्र द्यायचं म्हटलं की माणूस आधी स्टॅम्पपेपर मिळवायला धावतो. मुद्रांकावर टंकलेला आणि नोटरीचा शिक्का बसलेला कागद म्हणजे पक्का पुरावा, ही समजूत खोल रुजली आहे. महाराष्ट्रात न्यायालयात आणि सरकारी कार्यालयात सादर करायच्या प्रतिज्ञापत्रांवरचं मुद्रांक शुल्क १ जुलै २००४ च्या अधिसूचनेनेच माफ झालं. ऑक्टोबर २०२४ मध्ये शंभराचा मुद्रांक पाचशेवर गेला, तेव्हाही ही माफी उठली नव्हती. तरी गरीब माणसं खिडकीपाशी पाचशे रुपये मोजत राहिली, याचं वाईट वाटतं. नोटरी तरी काय करतो? समोरचा माणूस तोच आहे हे पाहतो आणि त्याला शपथ देतो. मजकूर खरा आहे, असं तो सांगत नाही.

मग वजन येतं कशाने? दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश १९, नियम ३ मध्ये याचं उत्तर आहे: जे स्वतःच्या माहितीतून सिद्ध करता येईल तेवढंच लिहावं. अंतरिम अर्जात ऐकीव माहिती चालते, पण ती खरी का वाटते याची कारणं द्यावी लागतात. मुंबई राज्य विरुद्ध पुरुषोत्तम जोग नाईक या स्थानबद्धतेच्या खटल्यात १९५२ साली सर्वोच्च न्यायालयाने सरकारी सचिवाच्या प्रतिज्ञापत्रावर नेमकं इथेच बोट ठेवलं. काही गोष्टी सचिवांना स्वतःला ठाऊक असल्याचं मजकुरावरून दिसत होतं. सत्यापनात मात्र सगळंच ‘माहिती व समजुतीप्रमाणे खरं’ असं सरसकट लिहिलेलं. अशा ढिलाईपायी एखादं प्रतिज्ञापत्र फेटाळलंही जाऊ शकतं, असं न्यायालयाने बजावलं. म्हणून ‘परिच्छेद १ ते ५ मला प्रत्यक्ष माहीत आहेत, ६ वा सातबाऱ्यावरून लिहिला आहे, ७ वा भावाने सांगितल्यावरून’ अशी फोड करणं हेच मसुद्यातलं खरं काम आहे. आपल्याकडे मात्र सत्यापनाची ओळच छापील नमुन्यातून उचलली जाते.

यावर कुणी म्हणेल, शपथेवर लिहिलं तो पुरावा नाही का? साक्षीपुराव्याचा कायदा न्यायालयात सादर केलेल्या प्रतिज्ञापत्रांना लागूच होत नाही. २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ती तरतूद तशीच आहे. २००२ पासून दिवाणी दाव्यात सरतपासणी प्रतिज्ञापत्रावर होते हे खरं, पण साक्षीदाराला उलटतपासणीला उभं राहावंच लागतं. तिथे उसनी वाक्यं टिकत नाहीत. शिवाय न्यायिक कामात जाणूनबुजून खोटी साक्ष दिली तर सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

दुसरा आक्षेप दूर राहणाऱ्यांचा. लखनौजवळच्या बख्शी का तालाबच्या वायुदल तळावर नेमणूक असलेल्या मराठी जवानाचा दावा साताऱ्यात चालू असेल, तर केवळ शपथेसाठी त्याला गावी यावं लागतं का? नाही. संहितेच्या कलम १३९ प्रमाणे तिथला नोटरीही शपथ देऊ शकतो. मात्र मसुदा त्याला नीट न कळणाऱ्या भाषेत असेल, तर सही करण्याआधी तो समजावून घ्यावा आणि तसा शेरा कागदावर असावा, कारण उलटतपासणीत प्रत्येक ओळीचं उत्तर त्यालाच द्यायचं आहे.